इव्हॅपोरेटर घेण्याआधी एक रात्र खड्ड्याजवळ काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत बटाटा चिप्स, शेव आणि फरसाणाचं युनिट. रोज साधारण ४० हजार लिटर सांडपाणी. तीन वर्षांपूर्वी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बसवला. हिवाळ्यात बरा चालतो. मार्चनंतर वास सुटतो, हवा सोडून जिवाणू पोसायच्या एरेशन टाकीवर फेस चढतो, गाळ खाली बसवायच्या सेटलिंग टाकीत गाळ वर येतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या खाली उतरत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली आहे. प्लांट बसवणारा म्हणतो, आरओ (पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र) आणि इव्हॅपोरेटर (उरलेलं पाणी उकळून आटवणारं यंत्र) लावून ‘झिरो डिस्चार्ज’ करा, म्हणजे बाहेर पाणी सोडूच नका. दुसरा एक जण बॅक्टेरियाची पावडर विकतोय. काय करावं?

भाऊ, उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. सध्या दोन्ही घेऊ नका. तुम्ही पाठवलेली प्लांटची माहिती वाचली. त्यात मला खटकली ती एकच ओळ: ‘कलेक्शन टाकी ६ घनमीटर, त्यातून फ्लोटवरचा पंप थेट पुढे.’ माझ्या अंदाजाने तुमचं निम्मं दुखणं या ओळीत आहे.

कलेक्शन टाकी म्हणजे सगळं सांडपाणी आधी जमतं तो खड्डा. दिवसाला ४० घनमीटर (४० हजार लिटर) पाणी आणि ६ घनमीटरची टाकी, म्हणजे सरासरी साडेतीन तासांचा साठा. पण कारखान्यात पाणी सरासरीने येतच नाही. बटाटे धुताना भरभरून येतं, जेवणाच्या सुट्टीत थांबतं, आणि पाळी संपताना कढया, फ्रायर, फरशा एकदम धुतल्या जातात. फ्लोट वर गेला की पंप सुरू, अर्ध्या तासात टाकी रिकामी, पंप बंद. पुढच्या एरेशन टाकीतल्या जिवाणूंना कधी चार तास उपास, तर कधी एका दमात दिवसभराचं जेवण, तेही गरम, तेलकट आणि धुण्याच्या कॉस्टिक सोड्याचं. अशा टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारे जगातले सर्वांत महाग डिफ्यूझर बसवले तरी निकाल हाच येणार.

या क्षेत्रात मला पंचवीसेक वर्षं झाली. सुरुवातीला मीही हीच चूक केली होती. एका दुधाच्या कारखान्यात दर शुक्रवारी प्लांट कोलमडायचा. मी डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मोजला, तो कमी आला, म्हणून हवा सोडणारा मोठा ब्लोअर घ्यायला लावला. मालकाने बिचाऱ्याने घेतला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. शेवटी कळलं की गुरुवारी रात्री सगळ्या पाइपलाइनी कॉस्टिकने धुतल्या जातात आणि ते पाणी पहाटेपर्यंत सरळ एरेशन टाकीत पोहोचतं. पीएच बाराच्या आसपास. जिवाणू मेलेले आणि मी त्यांना हवा देत बसलेली. ही गोष्ट मला कुठल्या रिपोर्टने सांगितली नाही, रात्रपाळीच्या फिटरने सांगितली. तेव्हापासून मी नव्या ठिकाणी गेले की पहिली रात्र कलेक्शन खड्ड्याजवळ काढते. डिसेंबरात शेकोटी लागते, मेमध्ये डास सोसावे लागतात, पण पर्याय नाही.

तुम्हीही तेच करा. चोवीस बाटल्या घ्या, मिनरल वॉटरच्या धुतलेल्या चालतील. दर तासाला कलेक्शन खड्ड्यातून एक बाटली भरा, वर वेळ लिहा, पीएच आणि तापमान तिथल्या तिथे मोजून वहीत टाका. त्या तासात किती पाणी आलं तेही लिहा. मीटर नसेल तर पंप किती मिनिटं चालला यावरून काढता येतं. बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवा. थर्माकोलचा डबा आणि बर्फाची लादी पुरते. सकाळी त्यातल्या तीन-चार वेगळ्या दिसणाऱ्या बाटल्या स्वतंत्र तपासायला द्या. मग चोवीसही बाटल्यांतून, त्या वेगळ्यांतूनही थोडं आधी काढून ठेवून, ज्या तासाला जितकं पाणी आलं त्या प्रमाणात मिसळून एक नमुना करा आणि तो वेगळा द्या. हा मिश्र नमुना तुमचा दिवसाचा खरा भार सांगेल. वेगळ्या बाटल्या चोर कोण ते सांगतील.

आपल्याकडे बहुतेक कारखाने काय करतात? सकाळी अकराला लॅबचा मुलगा येतो, चहा पितो, समोर दिसेल तिथून एक कॅन भरतो आणि जातो. त्या कॅनच्या आकड्यावर लाखोंची यंत्रं ठरतात. ज्या शहरात १९५८ पासून सांडपाण्यावर संशोधन करणारी नीरी ही संस्था उभी आहे, त्या शहरात हे चालतं याची मला अजूनही गंमत वाटते. लॅबला देताना एवढं लक्षात ठेवा: सीओडीचा नमुना सल्फ्युरिक आम्ल टाकून पीएच दोनच्या खाली आणला तर टिकतो. बीओडीच्या (जिवाणूंना घाण खायला किती ऑक्सिजन लागतो त्या मोजणीच्या) नमुन्यात आम्ल टाकायचं नाही, तो फक्त बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायचा. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवसांचा काढतात. परदेशी कंपनीचं माहितीपत्रक २० अंशांवरच्या पाच दिवसांच्या बीओडीवर असतं. दोन आकडे शेजारी ठेवताना हे विसरू नका.

आता तेल. फरसाणवाल्यांचा मुख्य शत्रू तोच. एक किलो खाद्यतेलाचा सीओडी जवळपास पावणेतीन ते तीन किलो भरतो. तुम्हाला बाहेर सोडायची मर्यादा २५० मिलिग्रॅम प्रति लिटर धरली, तर ४० हजार लिटरमागे दिवसाला १० किलो सीओडी. म्हणजे जेमतेम चार लिटर तेल प्लांटमधून न पचता निसटलं की दिवसभराचा सगळा कोटा संपला. एका फ्रायरच्या तळाशी धुण्याआधी किती तेल राहतं ते एकदा मगाने मोजून बघा. चार लिटर हा आकडा तुम्हाला हसवेल.

‘पण आमच्याकडे ऑइल ट्रॅप आहे’ असं तुम्ही म्हणाल. आहे, पण गरम पाणी, साबण आणि कॉस्टिक एकत्र आलं की तेलाचं दुधासारखं पाणी होतं. ते ट्रॅपमध्ये तरंगत नाही, सरळ निघून जातं. कॉस्टिकने तर थोड्याफार तेलाचा चक्क साबण होतो, आणि तोच साबण पुढे एरेशनमध्ये फेस होऊन दिसतो. म्हणून फ्रायरचं धुणं गटारात येऊच नये अशी सोय करा. आधी तेल काढून घ्या, मग खरवडून पुसा, मग पाणी. वापरलेलं तेल गटारात सोडण्यापेक्षा अधिकृत गोळा करणाऱ्याला विका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने ती वाढतात) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि असं तेल बायोडिझेलकडे वळवायची योजनाही आहे. त्यामुळे ते तुम्हाला नाहीतरी वेगळं ठेवावंच लागतं. कॉस्टिकचं पाणी दोन-तीन हजार लिटरच्या वेगळ्या टाकीत घ्या, पीएच खाली आणा आणि दिवसभरात थोडं थोडं सोडा.

हिवाळ्यात प्लांट बरा आणि मार्चमध्ये बिघडतो, हे तुम्ही लिहिलंत ते मी नागपुरात अनेकदा पाहिलंय. पामतेल वापरत असाल तर डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री ते नाल्यांत आणि पाइपांत तुपासारखं थिजून बसतं. तेव्हा शेवटच्या टाकीचा रिपोर्ट सुंदर येतो, कारण तेल प्लांटपर्यंत पोहोचतच नाही. होळीनंतर ऊन तापलं की तीन महिन्यांची साय वितळून एकदम खाली येते. म्हणून फेब्रुवारीत, थंडी उतरायच्या आत, सगळी गटारं आणि चेंबर खरवडून घ्या. निघालेला मेणासारखा माल पोत्यांत भरून वेगळा ठेवा, पुन्हा पाण्यात ढकलू नका.

बटाट्याचा स्टार्च हे दुसरं प्रकरण, पण ते सोपं आहे. चकत्या धुतल्याचं पांढरं पाणी तासभर शांत ठेवलं की स्टार्च तळाला बसतो. लाइनवरच स्टार्च खाली बसायला एक छोटी टाकी केली तर बराचसा भार ईटीपीत येण्याआधीच थांबतो. तो न थांबवला तर उन्हाळ्यात खड्ड्यात चार-पाच तासांत आंबतो, पीएच साडेचार-पाचवर येतो आणि वास सुटतो.

वासाचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज काढून टाकते. ‘नवतपात पाण्यात ऑक्सिजन राहत नाही, म्हणून प्लांट बिघडतो’ हे वाक्य मी प्रत्येक ऑपरेटरकडून ऐकते. त्यात अर्धं सत्य आहे. २० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७. पण गरम पाण्यात तो विरघळतो मात्र थोडा अधिक वेगाने, त्यामुळे हिशेब बराचसा जुळून येतो. खरी अडचण दुसरीकडे असते. जिवाणू उन्हाळ्यात जोरात खातात, त्यामुळे मागणी वाढते. ब्लोअर ४५ अंशांची पातळ हवा ओढतो. त्याच्या एअर फिल्टरवर मार्च-एप्रिलची धूळ बसलेली असते आणि बेल्ट सैल झालेला असतो. फिल्टर झटका, बेल्ट ताणा, ब्लोअरवर सावली करा, आणि टाकीत डीओ २ मिलिग्रॅमच्या आसपास राहतो का ते मीटरने बघा, डोळ्यांनी नाही. बुडबुडे भरपूर दिसतात म्हणजे ऑक्सिजन भरपूर आहे असं नसतं. फाटलेल्या डिफ्यूझरमधून तर सर्वांत जास्त बुडबुडे दिसतात.

आणि तो वास बहुतेक वेळा एरेशन टाकीचा नसतोच. तो कलेक्शन खड्ड्याचा असतो, आंबलेल्या स्टार्चचा आणि कुजलेल्या तेलाचा. एकदा दुपारी नुसतं नाक घेऊन फिरा, कळेल.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. वास येतोय म्हणून खड्डा साफ करायला कुणालाही आत उतरवू नका. कुजलेल्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की तो नाकाची जाणीवच मारून टाकतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस उतरतो आणि काही सेकंदांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टच्या ३६ व्या कलमात अशा जागी उतरण्याआधी काय काय करायचं ते स्पष्ट लिहिलं होतं: वायू तपासणं, श्वासाचं साधन, कंबरेचा पट्टा, वर दोर धरणारा माणूस. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर खड्डा बाहेरूनच सक्शन टँकरने उपसा. हा खर्च टाळू नका.

पुन्हा टाकीकडे येऊ. तुम्हाला समतोल टाकी हवी, म्हणजे इक्वलायझेशन. ४० घनमीटरला मी २० ते २५ घनमीटर धरीन. फरसाणाचं काम दोन पाळ्यांत चालत असेल तर २५. खाली जाड बुडबुड्यांची हवा किंवा मिक्सर, म्हणजे आंबणार नाही आणि तळाला बसणार नाही. तिच्यातून पुढे जाणारा पंप फ्लोटवर नाही, ठरावीक प्रवाहावर: तासाला २ घनमीटर, वीस तास. हा छोटा पंप आणि त्याच्या मागचा व्हॉल्व्ह तुमच्या प्लांटमधली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची दुरुस्ती आहे. आवारात जागा नसेल तर वापरात नसलेली पाण्याची टाकी शोधा. हिंगण्यातल्या जुन्या प्लॉटवर एक तरी तशी सापडते.

त्याने काय फरक पडतो ते आकड्यांत बघा. समजा मिश्र नमुन्यात तेल काढल्यावर बीओडी १२०० आला. दिवसाचा भार ४८ किलो. तुमची एरेशन टाकी ६० घनमीटर आहे. त्यात जिवंत गाळ लिटरला २८०० मिलिग्रॅम धरला, तर एकूण १६८ किलो जिवाणू झाले. ४८ भागिले १६८, म्हणजे एक किलो जिवाणूंना दिवसाला साधारण ०.२९ किलो अन्न. हे जरा जास्तच आहे, पण चालून जातं. शनिवारी आठवड्याची धुलाई झाली आणि भार ९० किलोंवर गेला, की हाच आकडा ०.५४ होतो. मग गाळ बसत नाही, पाणी गढूळ जातं, आणि सोमवारी नेमका मंडळाचा माणूस येतो. तोच भार दोन दिवसांत पसरवून दिला तर टाकी निभावून नेते. तुम्हाला कदाचित नवं यंत्र लागणारच नाही.

पावडरवाल्याला हेच गणित दाखवा. तुमच्या टाकीत आत्ताच दीडशेहून अधिक किलो जिवाणू आहेत. त्यात तो किलोभर पावडर टाकणार. बाकीचे दीडशे ज्या कारणाने आजारी आहेत त्याच कारणाने पावडरमधलेही मरतील. टाकी कधी पूर्ण मेलीच तर जवळच्या एखाद्या चांगल्या चालणाऱ्या खाद्य कारखान्याच्या ईटीपीचा जिवंत गाळ टँकरभर आणा. तो आठवड्याभरात काम करू लागतो. शेण आणि गूळ ही जुनी तोडगेबाजी आहे. अडचणीत थोडीफार चालते, पण शेणातले बरेचसे जिवाणू विनाहवेचे असतात आणि चोथा उगाच टाकीत फिरत राहतो.

खताचंही एक सांगते. जिवाणूंना बीओडी १०० भाग असेल तर नत्र ५ आणि स्फुरद १ लागतं. ४८ किलो भाराला नत्र २.४ किलो, स्फुरद अर्ध्या किलोला थोडं कमी. नुसता स्टार्च आणि तेल असेल तर हे पाण्यात नसतं. तेव्हा रोज सव्वादोन-अडीच किलो डीएपी आणि सव्वाचार किलोच्या आसपास युरिया, पाण्यात विरघळवून, दिवसभर थोडा थोडा. पण तुमच्याकडे बेसन आहे, त्यात प्रथिनं आहेत, म्हणजे नत्र थोडं आपसूक येतं. म्हणून आधी पाण्यातलं नत्र तपासा. कृषी केंद्रातून पोतं आणून ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ असं करू नका. जास्तीचं नत्र पुढे दुसराच त्रास देतं.

तो त्रास म्हणजेच कदाचित तुमचा वर येणारा गाळ. इथे दोन वेगळे आजार सारखे दिसतात आणि लोक चुकीचं औषध देतात. एक लिटरचं मापाचं उभं भांडं घ्या, एरेशन टाकीतलं पाणी त्यात भरा आणि अर्धा तास हलवू नका. गाळ ३०० मिलीच्या आसपास बसला आणि वर पाणी स्वच्छ दिसलं तर जिवाणूंची तब्येत ठीक. मग तेच भांडं आणखी दोन तास तसंच ठेवा. बसलेला गाळ बुडबुडे सोडत ढेकळांसारखा वर आला, तर सेटलिंग टाकीत गाळ जास्त वेळ पडून राहतोय आणि नत्राचा वायू होऊन त्याला उचलतोय. गाळ परत नेणारा पंप जास्त चालवा, तळाचा गाळ साचू देऊ नका, दोन दिवसांत फरक दिसतो. उलट अर्ध्या तासानंतरही गाळ ६००-७०० मिलीवरच कापसासारखा लटकत असेल, तर तो फुगलेला गाळ आहे. धाग्यांसारखे जिवाणू वाढलेत. त्याची कारणं तेल, आंबट पाणी, कमी हवा किंवा खताचा तुटवडा. त्याला परतीचा पंप वाढवून काही होत नाही. मूळ कारण काढावं लागतं आणि दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो.

फेसाचंही असंच. पांढरा, हलका, वाऱ्याने उडणारा फेस बहुधा साबणाचा किंवा नव्या, कोवळ्या गाळाचा. तपकिरी, तेलकट, सायीसारखा जाड फेस आला तर तेल आणि धागेवाले जिवाणू. ‘मॅडम, फेस येऊन राहिला, डिफोमर टाकू का?’ असा फोन मला आठवड्यातून एकदा येतो. डिफोमर टाकल्याने फेस बसतो, कारण तसंच राहतं, आणि डिफोमरचा स्वतःचा सीओडी वर पडतो.

गाळ काढायचं कुणी लक्षात ठेवत नाही. रोज ४८ किलो भार खाल्ला की पंधरा ते पंचवीस किलो नवा कोरडा गाळ तयार होतो. पातळ स्वरूपात तो दीड-दोन घनमीटर भरतो. तो रोज काढायलाच हवा. आपल्याकडे गाळ वाळवायच्या उघड्या वाफ्यांवर, म्हणजे ड्रायिंग बेडवर, उन्हाळ्यात चार दिवसांत पापडासारखा वाळतो. मग जून उजाडतो, बेड भिजलेले, ऑपरेटर गाळ काढणं थांबवतो, आणि पोळ्याच्या सुमारास सेटलिंग टाकीतून गाळच बाहेर वाहतो. बेडवर पारदर्शक पत्र्याचं छप्पर टाका. बाजू उघड्या ठेवा. या पत्र्याने मी जितके प्लांट वाचवलेत तितके कुठल्या रसायनाने नाहीत. वाळलेल्या गाळाचं काय करायचं ते तुमच्या कन्सेंटच्या, म्हणजे मंडळाच्या परवानगीपत्राच्या, घातक कचऱ्याच्या तक्त्यात बघा. चुना-फिटकरीचा रासायनिक गाळ आणि जैविक गाळ मात्र एकत्र करू नका.

आता तुमच्या सप्लायरच्या प्रस्तावाकडे. आरओ पाण्यातली घाण नाहीशी करत नाही, एका बाजूला गोळा करते. ४० घनमीटर टाकलं की ३० चांगलं आणि १० घाण, तीही चौपट दाट. आज जे पाणी सीओडी ४०० आणि तेलासकट बाहेर पडतंय ते आरओच्या पडद्यांवर, म्हणजे मेम्ब्रेनवर, गेलं, तर मेम्ब्रेन महिना-दोन महिन्यांत चिकटून बसतील. मग आठवड्याला दोनदा त्यांची धुलाई, आणि ते धुण्याचं पाणी पुन्हा ईटीपीत. उरलेल्या १० घनमीटरचं इव्हॅपोरेटरमध्ये काय होतं तेही बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला, पाणी आधीच उकळत्या बिंदूला असलं तरी, २२५७ किलोज्यूल लागतात. एका घनमीटरला विजेच्या सुमारे ६२५ युनिटांइतकी उष्णता. दहा घनमीटरला सहा हजारांवर, रोज. दोन-तीन टप्प्यांचा इव्हॅपोरेटर घेतला तर हे निम्म्या-तिसऱ्या हिश्शावर येतं, पण फरसाणाच्या धंद्यातला नफा त्यात उकळायला ठेवायचा का, हे तुम्ही ठरवा. कापडरंगाई, औषधं, चामडं यांच्या पाण्यात क्षार इतके असतात की तिथे दुसरा मार्गच उरत नाही. तुमच्या पाण्यात क्षार कुठून येणार? बहुधा बॉयलरच्या सॉफ्टनरमधून.

हो, तो सॉफ्टनर. हिंगण्याकडचा काळा दगड, बोअरचं पाणी जड, म्हणून सॉफ्टनर रोज मिठाने धुतला जातो आणि ते खारं पाणी गुपचूप ईटीपीत येतं. कन्सेंटवर क्षारांची मर्यादा बहुधा लिटरला २१०० मिलिग्रॅम असते. एकट्या सॉफ्टनरमुळे ती ओलांडलेली युनिटं मी पाहिली आहेत. एमआयडीसीचं पाणी बॉयलरला आणि बोअरचं पाणी फरशी-बागेला अशी अदलाबदल करता येते का बघा. मीठ निम्म्यावर येईल.

पुनर्वापर करायचाच असेल तर आधी जैविक प्रक्रिया नीट बसवा, मग वाळू आणि कार्बनचा फिल्टर, क्लोरीन, आणि ते पाणी बागेला, शौचालयाला, कूलिंगला. खाद्यपदार्थाच्या विभागात अजिबात नाही. आपल्याच शहरात भांडेवाडीला प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, १३० एमएलडीचा, म्हणजे दिवसाला १३ कोटी लिटरचा, तो प्रकल्प. तिथेही आधी पाणी नीट शुद्ध केलं जातं, मगच ते कूलिंगकडे जातं. क्रम तोच.

नोटिशीचं उत्तर टाळू नका आणि वकिलाकडून जड भाषेत लिहूनही घेऊ नका. साधं लिहा: कारण काय सापडलं, चोवीस तासांच्या नमुन्यांचा तक्ता जोडला आहे, समतोल टाकी अमुक तारखेपर्यंत, गटारांची सफाई अमुक तारखेपर्यंत, दर पंधरा दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट देऊ. बँक गॅरंटी मागतील, ती तयारी ठेवा. मर्यादा किती हे मला विचारू नका, शेजारच्या कारखान्यालाही नको. तुमच्या कन्सेंटवर छापलंय तेवढंच खरं. जमिनीवर सोडायला सर्वसाधारण मानकांत बीओडी १०० चालतो, नदी-नाल्याला ३०. पण कन्सेंटमध्ये मंडळ याहून कडक आकडा घालू शकतं. कुठे प्लांट टाळून सांडपाणी थेट बाहेर सोडणारी बायपासची पाइप असेल तर आज दुपारी कापून तिचं तोंड सिमेंटने बुजवा. हिंगण्याकडचं पाणी अंबाझरी तलावाला पोहोचतं म्हणून वर्षानुवर्षं ओरड होते आहे, नाग नदी पुढे कन्हानला आणि तिथून वैनगंगेला जाते, खाली गोसीखुर्द धरण आहे. बायपास सापडला तर तुमचं बाकी सगळं खरं असलं तरी कुणी ऐकणार नाही.

ऑपरेटरबद्दल बोलायचं राहिलं. तुमच्या पत्रात त्याचं नावसुद्धा नाही, म्हणून विचारते: तो रात्री गेटवरही बसतो का? बहुतेक ठिकाणी बसतो. लॉगबुक मागवून बघा. महिनाभर पीएच रोज ७.२, एकाच पेनाने, एकाच हाताने, तर ते पहिल्याच तारखेला लिहून टाकलेलं आहे. त्यात त्याचा दोष कमी. त्याला पीएच मीटर दिलंय का, त्याचं बटण कसं दाबायचं ते दाखवलंय का? आणि रात्री वीज वाचवायला ब्लोअर बंद करायला कुणी सांगितलंय का? पाच एचपीचा ब्लोअर दहा तास बंद ठेवून तीस-पस्तीस युनिट वाचतात, आणि दोन-तीन तासांतच टाकी कुजायला लागते. त्याला एक लिटरचं उभं भांडं, पीएच मीटर, डीओ मीटर आणि एक स्वच्छ टेबल द्या. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः त्या भांड्याशेजारी अर्धा तास बसा. पाणी कसं बसतंय हे मालक बघतो, हे कळलं की लॉगबुक आपोआप खरं होतं.

कामाचा क्रम असा ठेवा. बायपास कापणं या आठवड्यात, चोवीस बाटल्या येत्या शनिवारी, कारण धुलाईचा दिवस पकडायचाय. फ्रायर आणि कॉस्टिकची वेगळी सोय त्याच्या पुढच्या आठवड्यात, समतोल टाकी दीड महिन्यात. तोवर सप्लायरला ‘विचार करतोय’ एवढंच सांगा. तक्ता आला की मला पाठवा: तास, पाणी, पीएच, तापमान, आणि त्या चार बाटल्यांचा सीओडी. सोबत अर्ध्या तासाच्या आणि अडीच तासांच्या भांड्याचे दोन फोटो. टाकी २० ची बांधायची की २५ ची, ते मी त्यावरून सांगते.